गाण्याच्या वर्गाने गुण वाढत नाहीत. मग वस्तीत तो कशासाठी चालवायचा?

प्रश्न असा आला आहे: पुण्यातल्या एका वस्तीत संध्याकाळची अभ्यासिका चालवणाऱ्या ताईंना एका कंपनीच्या सामाजिक निधीतून मुलांच्या संगीतवर्गासाठी पैसे मिळण्याची शक्यता आहे. कंपनीचे लोक विचारतात, याने गणिताचे गुण वाढतील का? आया विचारतात, गाणं शिकून पोट भरणार आहे का? आणि ताईंना स्वतःला वाटतं की ज्या घरांत रोजच्या जेवणाची ओढाताण आहे, तिथल्या मुलांना सारेगम शिकवणं ही चैन तर नाही ना?

मी गायन आणि तबला शिकवते. वस्त्यांत आणि बालगृहांत बरीच वर्षं शिकवलं, घरी खासगी शिकवण्याही घेतल्या, त्यामुळे दोन्हीकडची मुलं जवळून पाहिली आहेत. थोडक्यातलं उत्तर आधी देते. गुण वाढतील असं सांगून पैसे घेऊ नका. पोट भरेल असं आयांना सांगू नका. वर्ग मात्र सुरू करा, पण एकच शिक्षक निदान दोन वर्षं टिकेल अशी सोय होत असेल तरच. ही दोन वर्षं कुठून आली ते पुढे सांगते.

आधी गुणांचं प्रकरण मिटवू. संगीताने बुद्धी वाढते या समजुतीला १९९३ साली मोठा जोर आला. अमेरिकेत ३६ कॉलेजविद्यार्थ्यांवर एक छोटा प्रयोग झाला होता. मोझार्टची रचना दहा मिनिटं ऐकल्यावर त्यांनी कागदाच्या घड्या आणि आकारांची कोडी थोडी जास्त बरी सोडवली, आणि दहा-पंधरा मिनिटांत तो परिणाम ओसरला. प्रयोग एवढाच. पण १९९८ मध्ये जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी प्रत्येक नवजात बाळाला शास्त्रीय संगीताचं ध्वनिमुद्रण फुकट द्यायची योजना मांडली. हसू नका, आपल्याकडे गर्भसंस्काराच्या सीड्या घरोघर वाजल्याच आहेत.

मुलांना प्रत्यक्ष शिकवून केलेले प्रयोग जास्त कामाचे आहेत. २००४ साली कॅनडात सहा वर्षांच्या १४४ मुलांचे गट पाडले गेले: काहींना कीबोर्ड, काहींना गाणं, काहींना नाटक, आणि काहींना त्या वर्षी काहीच नाही. संगीत शिकलेल्यांचा बुद्ध्यंक इतरांपेक्षा तीनेक गुणांनी जास्त वाढला. मात्र इतरांशी वागणं सुधारलं ते नाटकवाल्या मुलांचं. पुढे २०२० मध्ये अशा ५४ अभ्यासांची, म्हणजे जवळपास सात हजार मुलांची, एकत्र छाननी झाली. जे अभ्यास काटेकोर होते, त्यांत स्मरणशक्ती, गणित, वाचन यांवर संगीताचा फायदा जवळजवळ शून्यावर आला. तेव्हा कंपनीला गणिताचे गुण हवे असतील, तर ते पैसे गणिताच्या शिक्षकाला द्यावेत. हे वाक्य बैठकीत म्हणायला धाडस लागतं, पण एकदा म्हणून टाकलं की पुढची दोन वर्षं सोपी जातात.

मग संगीताने होतं तरी काय? इथे व्हेनेझुएलाचं उदाहरण घ्यावं लागतं, कारण गरीब मुलं आणि संगीत हा विषय जगभर तिथूनच गाजला. होसे आंतोनिओ आब्रेऊ या अर्थतज्ज्ञ-संगीतकाराने १९७५ मध्ये काराकासमधल्या एका गॅरेजमध्ये ११ मुलांना घेऊन वाद्यवृंदाची पहिली तालीम केली. त्यातून 'एल सिस्तेमा' हे देशभरातल्या केंद्रांचं जाळं उभं राहिलं आणि लाखो मुलं त्यात वाजवू लागली. गुस्ताव्हो दुदामेल त्यातलाच. २००९ मध्ये तो लॉस एंजेलिस फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाचा संगीत दिग्दर्शक झाला. देणगीदारांच्या सादरीकरणात गोष्ट बहुधा इथेच संपते.

पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. २०१२-१३ मध्ये तिथल्या १६ केंद्रांवर सहा ते चौदा वयाच्या २,९१४ मुलांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी झाली. निम्म्यांना लगेच प्रवेश, निम्म्यांना वर्षभराने. वर्षाअखेर बरीच मोजमापं घेतली. बुद्धी, स्मरण, इतरांना मदत करणं अशा बहुतेक बाबतींत फरक दिसला नाही. दोन ठिकाणी दिसला: मुलांचा स्वतःवरचा ताबा थोडा वाढला आणि वागण्यातल्या तक्रारी थोड्या कमी झाल्या. फरक लहानच, पण ज्या मुलग्यांच्या आसपास हिंसा होती त्यांच्यात, तसंच ज्या मुलांच्या आया कमी शिकलेल्या होत्या त्यांच्यात, तो जास्त होता.

वस्तीत तबला शिकवणाऱ्या कोणालाही हे वाचून नवल वाटणार नाही. दादरा घ्या. सहा मात्रा, धा धी ना, धा ती ना. वर्तुळात बसवलेल्या पंधरा मुलांपैकी एकाला फक्त समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, टाळ वाजवायचा आहे, बाकी पाच मात्रा हात मांडीवर. दहा वर्षांच्या मुलाला या पाच मात्रा किती लांब वाटतात हे पाहण्यासारखं असतं. पहिल्या आठवड्यात तो तिसऱ्याच मात्रेला वाजवतो आणि सगळे हसतात. पुढे हळूहळू तो ओठांतल्या ओठांत मोजू लागतो. मग एक दिवस मोजणंही सुटतं आणि सम त्याला आपोआप सापडते. 'शांत बस, घाई करू नकोस' हे त्याला शाळेत आणि घरी रोज ऐकावं लागतं, बहुतेक वेळा धपाट्यासकट. इथे थांबण्याला कारण आहे, आणि ते कारण त्याच्या स्वतःच्या कानाला पटतं. चुकलं तर ठेका कोसळतो आणि जमलं तर चौदा जण त्याच्या एका ठोक्यावर परत उभे राहतात. आपल्या नेमक्या ठोक्यावाचून चौदा जणांचं अडतं, हा अनुभव या मुलांना दुसरीकडे क्वचितच मिळतो.

म्हणून माझा आग्रह समूहाचा आहे. खासगी शिकवणीसारखं एकेकट्याला समोर बसवून शिकवणं वस्तीत परवडत नाही हे खरंच, पण परवडलं तरी मी सुरुवात तशी करणार नाही. जो ताबा येतो तो एकत्र वाजवण्यातून येतो.

व्हेनेझुएलाच्या त्याच अभ्यासात एक टोचणारी गोष्टही सापडली. ज्या राज्यांत हा प्रयोग झाला तिथली गरिबी ४६.५ टक्के होती, पण वर्गात नाव घातलेल्या मुलांमधली फक्त १६.७ टक्के. म्हणजे गरिबांसाठी म्हणून नावाजलेल्या वर्गांत प्रत्यक्षात बऱ्या परिस्थितीतली मुलं भरली होती. हे कोणी मुद्दाम करत नाही. मोफत वर्गाची बातमी आधी त्या घरी पोचते जिथे बातम्या पोचतात. तुमच्या वस्तीतही पहिल्या महिन्यात पक्क्या घरांतली, इंग्रजी शाळेतली मुलं येतील. ती यावीतच. पण पत्र्याच्या खोल्यांतली का येत नाहीत ते विचारायला घरोघर जावं लागेल. कारणं साधी असतात. पाण्याची वेळ सहाची आणि वर्गाचीही सहाची. मुलीच्या कडेवर धाकटा भाऊ. मुलगा मामाबरोबर कामाला जातो. मी भावंडाला घेऊन यायला सांगते. दोन वर्षांचं पोर खंजिरी चावत बसतं, वर्गाला त्याचा काही त्रास नसतो. वेळ तुमच्या सोयीने न ठरवता नळाच्या वेळेनुसार ठरवा.

आता दोन वर्षांची अट. लॉस एंजेलिसच्या टोळीयुद्धांनी ग्रासलेल्या भागांत 'हार्मनी प्रोजेक्ट' ही संस्था २००१ पासून मुलांना मोफत वाद्यं आणि शिक्षण देते. तिथल्या सहा ते नऊ वयाच्या ४४ मुलांच्या मेंदूचा आवाजाला मिळणारा प्रतिसाद मेंदूशास्त्रज्ञ नीना क्राउस यांच्या चमूने मोजला. तो अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. 'बा' आणि 'गा' यांसारखे जवळचे उच्चार मेंदू किती स्पष्ट वेगळे करतो, हे त्यांनी पाहिलं. वर्षभर शिकलेल्या मुलांत काहीच फरक नव्हता. दोन वर्षं शिकलेल्यांत होता. मुलं थोडीच आहेत, एकाच संस्थेतली आहेत, त्यामुळे यावर इमले बांधू नयेत. पण वर्गातला माझा अनुभव याच्याशी जुळतो: पहिलं वर्ष सगळं बसवण्यात जातं, दुसऱ्या वर्षी मुलं ऐकायला लागतात.

ऐकण्याचा मुद्दा वस्तीत विशेष मोठा आहे. दहा बाय दहाच्या खोलीत टीव्ही चालू, शेजारी मिक्सर, बाहेर रिक्षा, वर पत्र्यावर पाऊस. बोलायचं म्हणजे ओरडायचंच. अशी मुलं वर्गात गातातही ओरडून, आणि नवखा शिक्षक त्यांना बेसूर ठरवून मोकळा होतो. निम्म्या वेळा चूक शिक्षकाच्या पट्टीची, म्हणजे त्याने सा कुठल्या उंचीवर धरला त्याची, असते. पुरुष शिक्षक पेटीवर काळी एक किंवा काळी दोन धरून बसतो, कारण त्याचा गळा तिथे आहे. लहान मुलांना ती पट्टी फार खाली पडते, सा लागतच नाही. काळी चारच्या आसपास जा, तीच मुलं सुरात येतात. पहिले काही आठवडे मी त्यांना फक्त गुणगुणायला लावते, तोंड मिटून. खोलीत एकदम शांतता होते, आणि एवढी शांतता काहींना सुरुवातीला सोसत नाही. कोणीतरी फिसकन हसतंच.

याहून मोठी चूक म्हणजे ही मुलं संगीतात कोरी आहेत असं धरून चालणं. महाराष्ट्रातल्या कुठल्याही वस्तीत जाऊन कान द्या. एका घरात भजनी मंडळाचा टाळ खुंटीला टांगलेला असतो. दुसरीकडे काका गायन पार्टीत भीमगीतं म्हणतात. तिसऱ्या घरातला दादा बँजो पार्टीत ढोलकीवर आहे, कुणाचे आजोबा हलगी वाजवायचे, मशिदीपलीकडच्या गल्लीत कव्वाली येते. सात वर्षांचं पोर डब्यावर जो केरवा वाजवतं, त्यातलं वजन माझ्या खासगी शिकवणीतल्या मुलांना सहा महिन्यांत येत नाही. अशा मुलाला पहिल्या दिवशी 'सा म्हण' म्हणून बसवलं की तो दुसऱ्या दिवशी येत नाही. त्याला येतं ते आधी वाजवू द्या, बाकीच्यांना त्याच्यामागे टाळ्या धरू द्या. मग तो जे वाजवतोय त्याला आठ मात्रा म्हणतात आणि त्यात 'खाली', म्हणजे भर न देता मोकळी सोडायची मात्रा, कुठे येते, हे सांगितलं तर तो डोळे विस्फारून ऐकतो.

इथे एक गुंतागुंत आहे, आणि बाहेरून आलेल्या शिक्षकांना ती बऱ्याचदा दिसत नाही. एखादा बाप स्पष्ट सांगतो, 'माझ्या पोराच्या गळ्यात हलगी नको.' शिक्षक म्हणतो, अहो, ही तर तुमची लोककला! पण त्या घराला वेगळंच आठवत असतं. गावकीत, म्हणजे जातीने लादलेल्या गावकामात, बोलावणं आलं की वाजवायला जावंच लागायचं, दाराबाहेर उभं राहून, देतील त्या धान्यावर. आंबेडकरी चळवळीत गावकीची अपमानाची कामं सोडली गेली, तेव्हा अनेकांनी वाजवणंही सोडलं, आणि ते समजून-उमजून सोडलं होतं. त्याच काळात भीमराव कर्डक यांच्यासारख्यांचे आंबेडकरी जलसे उभे राहिले, म्हणजे गाणं-वाजवणं त्याच माणसांनी आपल्या अटींवर परत हातात घेतलं. त्यामुळे बाप नको म्हणाला तर वाद घालू नका. त्याचं पोर पेटी शिकेल, व्हायोलिन शिकेल. आणि हलगी शिकवायची असेल तर तबल्याच्याच मानाने शिकवा: तीच सतरंजी, तेवढाच वेळ, कार्यक्रमात तेवढीच पुढची जागा. तबला पांढऱ्या चादरीवर आणि हलगी मागच्या रांगेत उभी, असं मांडलंत तर मुलांना जे कळायचं ते कळतं.

मुलींबद्दल वेगळं बोलायला हवं. नवव्या-दहाव्या वर्षापर्यंत वर्गात मुलीच जास्त असतात. बारा-तेरा वयात त्या गळू लागतात. बाहेर म्हणजे स्टेजवर गाणं म्हटलं की काही घरांना तमाशा आठवतो, काहींना फक्त काळोखातून परत येणं नको असतं. मी दोन गोष्टी करते. वर्ग सातच्या आत संपवते, आणि आयांना महिन्यातून एकदा वर्गात बसवून त्यांच्याकडूनच गाणी घेते. जात्यावरच्या ओव्या आता कोणाला फारशा येत नाहीत, पण हळदीची, डोहाळ्यांची गाणी येतात. आई स्वतः एकदा गायली की मुलीचं गाणं बंद करणं तिला जड जातं. आणि मुलींना तबल्याला, पखवाजाला बसवाच. वर्गात ढोलकी आपोआप मुलांच्या मांडीवर आणि टाळ मुलींच्या हातात जातो. हे शिक्षकाने ठरवून मोडावं लागतं.

मुलग्यांची गळती आवाज फुटताना होते. कालपर्यंत गाणारा मुलगा एकाएकी घोगरा होतो, चेष्टा होते, आणि तो निघून जातो. पण याच वयात त्याला बाहेरची हाक सगळ्यात जास्त असते. त्या वर्ष-दीड वर्षात त्याला गाण्यातून काढून तालावर बसवा, आणि असं सगळ्यांचंच होतं हे सगळ्यांसमोर सांगून टाका.

पोट भरण्याच्या प्रश्नाला आपल्याकडे खरी उत्तरं आहेत, पण ती जाहिरातीसारखी वापरू नयेत. विष्णू दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, तेव्हा त्यांनी 'उपदेशक वर्ग' चालवला. मुलांच्या राहण्या-जेवणाची जबाबदारी संस्थेची, आणि शिकून झाल्यावर त्यांनी पुढे शिकवायचं. ओंकारनाथ ठाकूर अत्यंत गरिबीतून आले. एका पारशी गृहस्थाच्या मदतीने ते पलुस्करांच्या मुंबईच्या विद्यालयात पोचले. गोव्यात चर्चच्या शाळांमधून 'मेस्त' म्हणजे संगीतशिक्षक गावातल्या पोरांना सोल्फेज (पाश्चात्त्य सरगम) आणि व्हायोलिन शिकवायचे. त्या शिक्षणावर वाढलेले अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा आणि त्यांचे कितीतरी गाववाले पुढे मुंबईच्या सिनेसंगीताचा कणा झाले. आळंदीला विष्णुबुवा जोग यांनी १९१७ साली वारकरी शिक्षण संस्था काढली. शेतकऱ्यांची मुलं तिथे चार वर्षं राहून कीर्तन, अभंग, पखवाज शिकतात आणि पुढे त्यातले काही त्यावर घर चालवतात. या तिन्ही ठिकाणी शिकण्याच्या पलीकडे काम तयार होतं: विद्यालयांना शिक्षक हवे होते, स्टुडिओंना वादक हवे होते, गावोगावच्या सप्ताहांना कीर्तनकार हवे असतात. तुमच्या वर्गापलीकडे तशी मागणी नसेल, तर दहा-वीस मुलांतून एखादं पुढे जाईल आणि बाकीची वेगळ्या कामांना लागतील. आयांना हेच सांगावं. त्या व्यवहारी असतात, खरं सांगितलं की ऐकून घेतात. 'तुझ्या पोराला गाण्याने नोकरी लागणार नाही, पण सहा ते सात तो कुठे आहे ते तुला माहीत असेल,' हे वाक्य मी अनेकदा वापरलं आहे आणि ते पुरतं.

एका कमाईबद्दल सावध करते. ढोलकी बरी वाजू लागली की बँजो पार्टी चौदा-पंधराच्या मुलाला उचलते. लग्नसराईत आणि गणपतीत रोख पैसे मिळतात, घरी त्याची किंमत वाढते, आणि नववीची शाळा बुडते. बंदी घालून उपयोग नाही. परीक्षेच्या तारखा पार्टीच्या मालकाला आधी कळवून ठेवल्या तर तो बऱ्याचदा ऐकतो. आणि कानात घालायला फोमचे बोळे द्या. भिंतीएवढ्या स्पीकरसमोर सहा-सहा तास उभं राहून ज्या कानांवर आपण दोन वर्षं मेहनत घेतली तेच बिघडतात.

जवळपास पाहण्यासारखी कामं आहेत. धारवाडजवळ कलकेरी गावात २००२ पासून गरीब घरांतल्या मुलांसाठी निवासी संगीतशाळा चालते. हिंदुस्थानी गायन, तबला, सतार आणि सोबत नेहमीची शाळा, सगळं मोफत. भीमसेन जोशी, गंगूबाई हनगल, मल्लिकार्जुन मन्सूर ज्या टापूतले, तिथेच हे चालावं याचं मला अप्रूप वाटतं. गोव्यात डॉ. लुईस डायस यांनी २००९ मध्ये 'चाइल्ड्स प्ले इंडिया फाउंडेशन' सुरू केली. ती वंचित मुलांना पाश्चात्त्य वाद्यं शिकवते. कालिंपाँगला फादर एडवर्ड मॅग्वायर यांनी १९९३ मध्ये काढलेल्या गांधी आश्रम शाळेत हमाल-मजुरांची मुलं व्हायोलिन शिकतात आणि दुपारी तिथेच जेवतात. ताईंच्या 'चैन' या शंकेला मी त्या जेवणाकडे बोट दाखवीन. गाणं आणि जेवण यांत निवड करायची वेळच येऊ देऊ नका. उपाशी मूल तसंही सम पकडत नाही. वर्गाआधी शेंगदाणे-गूळ किंवा केळं ठेवा आणि त्याचा खर्च अंदाजपत्रकात पहिल्या ओळीत लिहा.

वाद्यांवर फार पैसे घालू नका. कंपन्यांना वाद्यं द्यायला आवडतं, कारण त्यांचा फोटो निघतो. एक चांगली पेटी, तबल्याचे दोन जोड, दोन ढोलक्या, टाळ आणि खंजिऱ्या एवढ्यात तीस मुलांचा वर्ग चालतो. तानपुरा मोबाइलवर मिळतो. देणगीत आलेले कीबोर्ड बहुधा अडॅप्टर हरवून कपाटावर पडतात. पावसाळ्यात तबल्याच्या पुड्या, म्हणजे वरची कातडी, ओल धरून उतरतात, म्हणून दुरुस्तीची रक्कम जूनआधी वेगळी ठेवा, आणि कपाटाच्या किल्लीची एक प्रत मोठ्या मुलांपैकी एकाकडे द्या. शिक्षक यायच्या आधी मुलांनी उघडून वाजवायला बसणं हाच खरा रियाज आहे. वाद्यं फुटतील म्हणून कुलपात ठेवली, तर ती नवीकोरी राहतील, इतकंच.

पैसा घालायचा तो शिक्षकावर. शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीच्या, शंभराहून अधिक पटाच्या शाळांना कलेसाठी अंशकालीन निदेशक द्यायची तरतूद आहे. पण तुटपुंज्या मानधनावर, पुढच्या वर्षी नेमणूक होईल की नाही या धाकात माणूस किती टिकणार? स्वयंसेवी वर्गांचं तर विचारूच नका: कॉलेजचे उत्साही विद्यार्थी जुलैत येतात, ऑक्टोबरमध्ये त्यांच्या परीक्षा लागतात. ज्या मुलांच्या आयुष्यातून मोठी माणसं आधीच निघून गेलेली असतात, बालगृहातल्या मुलांच्या तर नक्कीच, त्यांना चार महिने जीव लावून नाहीसं होणं वाईट आहे. ती मुलं पुढच्या शिक्षकाला आधीच पारखायला लागतात: हा किती दिवसांचा? हे मी इतक्या बालगृहांत पाहिलं आहे की अल्पमुदतीच्या वर्गाला मी आता सरळ नाही म्हणते.

शिक्षक निवडताना त्याची विशारद पदवी पाहा, पण त्याआधी त्याला मुलांसमोर अर्धा तास बसवा. आणि एक नियम लेखी करा: बंद दाराआड एकट्या मुलाला शिकवायचं नाही, दार उघडं, दुसरं मोठं माणूस जवळ. तबल्यावर हात बसवताना बोटं धरावी लागतात, तेही सगळ्यांसमोर आणि विचारून. गुरूवर आंधळा विश्वास टाकण्याची आपली रीत जुनी आहे, आणि ज्या मुलाचं घरी कोणी ऐकणारं नसतं त्याला ती सगळ्यात महाग पडते. एल सिस्तेमावरही २०१४ मध्ये ब्रिटिश अभ्यासक जेफ्री बेकर यांनी असाच ठपका ठेवला होता: एकचालकानुवर्ती शिस्त, मुलांना प्रश्न विचारायला जागा नाही. वाद्यवृंदात सगळे एका सुरात आहेत एवढ्यावरून मुलं सुरक्षित आहेत असं होत नाही.

परीक्षांबद्दल माझं मत थोडं तिखट आहे. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिका या परीक्षांचा मुलांना अभिमान वाटतो, हातात छापील प्रमाणपत्र येतं, आणि ठरलेल्या परीक्षा झालेल्या मुलांना दहावीत वाढीव गुणही मिळतात. म्हणून मुलं बसवा, शुल्क तुम्ही भरा. पण वर्ग परीक्षेसाठी चालू लागला की मुलं तीनतालाची लेखी माहिती पाठ करतात आणि एकत्र वाजवणं मागे पडतं. शिवाय या वाढीव गुणांचा लाभ ज्यांच्या घरी शिकवणीचे पैसे आहेत त्यांनाच जास्त होतो, हे दरवर्षी डोळ्यांसमोर दिसतं.

कंपनीला अहवालात काय द्यायचं? हजेरी द्या. पहिल्या वर्षातली किती मुलं दुसऱ्या वर्षीही आली ते द्या, आणि त्यातली पत्र्याच्या घरांतली किती, तेही. किती मोठी मुलं लहानांना शिकवू लागली ते लिहा. माझ्या लेखी वर्ग रुजल्याची ही सगळ्यात भरवशाची खूण आहे. कार्यक्रम वर्षातून एक, वस्तीतच, आयांना दिसेल असा. कंपनीच्या वार्षिक समारंभात 'झोपडपट्टीतल्या मुलांचं गाणं' म्हणून नेऊ देऊ नका. नेलंच तर निवेदनात मुलांची नावं आणि गाण्याचं नाव घ्या. घरच्या गरिबीचा एक शब्दही नको. बारा वर्षांच्या मुलीला माइकसमोर उभं राहून आपल्या बापाच्या दारूचं वर्णन ऐकावं लागतं तेव्हा तिचा आवाज कसा बसतो, ते मी ऐकलं आहे.

आता कंपनीला पत्र लिहा. दोन वर्षांचं शिक्षकाचं मानधन, खाऊ, दुरुस्ती, परीक्षेचं शुल्क, एवढंच मागा. सुरुवात जूनमध्ये, शाळेबरोबर. ते एकाच वर्षाला तयार झाले तर दुसऱ्या वर्षाचे पैसे दुसरीकडून लेखी मिळेपर्यंत थांबा. आणि अजिबातच जमलं नाही, तर वर्ग काढू नका. त्याऐवजी वस्तीतल्या भजनी मंडळाला किंवा गायन पार्टीला आठवड्यातून दोन संध्याकाळी सरावासाठी अभ्यासिकेची खोली द्या, अट एकच घाला: दार उघडं ठेवायचं आणि बसायला आलेल्या मुलांना हाकलायचं नाही. त्यांच्यातला एखादा ढोलकीवाला स्वतःहून शिकवायला लागतो. मानधन त्याला सुरू करा.